नवरीची मोकळी जागा

बाळांनो,

परवा फोनवर तुमच्यातल्या मोठीने विचारलं, "आजी, माझ्या लग्नात तू समोर बसून चित्र काढशील ना?" मी लगेच हो म्हणाले. फोन ठेवला आणि उजव्या हाताकडे बघत बसले. गेल्या पावसाळ्यापासून या हाताचा अंगठा माझं ऐकत नाही. चहाचा कप बशीवर वाजतो. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, गोळी घ्या. गोळी घेते. पण नथीतला मोती काढायला जो हात लागतो तो आता सकाळचा थोडा वेळच माझ्याकडे असतो, आणि आपल्याकडची लग्नं काही सकाळी लागत नाहीत.

तुझ्या लग्नात मी ईझलसमोर बसेन की नुसती पहिल्या रांगेत, ते आज सांगता येत नाही. म्हणून हे काम मी कशी शिकले, ते हातात पेन नीट धरता येतंय तोवर लिहून ठेवते. तुम्ही दोघं मराठी हळू वाचता, तेव्हा मी सरळ लिहिते, एकामागून एक.

तुम्हांला माहीतच आहे, मी अंबाजोगाईला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. चित्रकला माझा विषय नव्हता. लहानपणी चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, आणि वर्गात एखादा शब्द मुलींना कळला नाही की मी तो फळ्यावर काढून दाखवायचे, एवढाच काय तो संबंध. निवृत्त झाल्यावर जलरंग घेतले. सकाळी स्वयंपाक, मग पेपर, मग चित्र, असा माझा क्रम होता. देवळाच्या पायऱ्या, बाजारातल्या भाजीवाल्या, अंगणातली जास्वंद. तुमचे आजोबा त्या चित्रांना "बाईंचा गृहपाठ" म्हणायचे.

मग एकदा मोठीने मला व्हिडिओ पाठवला. तुमच्या तिकडच्या कुठल्याशा बागेत लग्न चाललं होतं आणि एक बाई बाजूला उभी राहून ते तिथल्या तिथे कॅनव्हासवर उतरवत होती. खाली लिहिलं होतं, "आजी, तू करू शकतेस." मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. जलरंग त्या कामाला चालणार नाहीत, हे लक्षात आलं. ॲक्रिलिक मागवले आणि वर्षभर घरी सराव केला.

पहिली संधी मिळाली शाळेतल्या एका मैत्रिणीच्या मुलाच्या लग्नात. मंगल कार्यालय अंबाजोगाईतलंच होतं. तुमचे आजोबा ईझल खांद्यावर घेऊन आत शिरले आणि दारातल्या स्वागताच्या बायकांना म्हणाले, "निवृत्त झाली तरी फळा सुटत नाही हिचा." मी पाचव्या रांगेच्या कडेला जागा घेतली.

मी मुलींना निबंध शिकवताना एकच गोष्ट परत परत सांगत असे: पाठ केलेलं लिहू नका, समोर दिसतं ते लिहा. तोच नियम मी त्या दिवशी पाळला. आणि समोर काय दिसलं? आपल्याकडचं लग्न तुम्ही लहानपणी पाहिलंय, पण विसरला असाल. मंगलाष्टकं सुरू झाली की फोटोवाले, व्हिडिओवाले, नवरदेवाचे मित्र आणि ज्यांना ज्यांना आपला फोन वर धरायचा आहे ते सगळे स्टेजवर चढतात आणि नवरानवरीभोवती भिंत उभी करतात. मांडवातल्या माणसांना लग्न दिसतं ते बाजूच्या मोठ्या पडद्यावर. मी पडद्यावरचं काढणार नव्हते. मी स्टेजवरचं काढलं. संध्याकाळी चित्र पुरं झालं तेव्हा मागे बायका गोळा झाल्या.

"बाई, नवरी कुठं हाय ह्यात?"

"ते बघ की, त्या कॅमेरेवाल्याच्या काखंतून दिसतंय. मुंडावळीचं टोक हाय ते."

"अन् नवरदेव?"

"फेटा हाय त्याचा. का तो सभापतीचा हाय?"

"सभापतीचाच. नवरदेवाचा गुलाबी होता."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कान तापले होते. चित्रात पाठी होत्या, शर्टांवरचे घामाचे डाग होते, वर धरलेले हात होते. सगळं खरं होतं. आजोबा म्हणाले, "दिसलं ते लिहिलंस, पूर्ण मार्क." मैत्रिणीने चित्र घेतलं, आभार मानले. ते तिने कुठे लावलं, हे मी कधी विचारलं नाही.

ईझल माळ्यावर ठेवलं. ते तिथेच राहिलं असतं. पण त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी धाकटी बहीण लग्नाचा बस्ता बांधायला अंबाजोगाईला आली.

ही बहीण चकलांब्याजवळ दिली आहे. घरची शेती, कापूस आणि ऊस. तिच्या धाकट्या मुलीचं, म्हणजे तुमच्या आत्याचं, लग्न ठरलं होतं. या आत्याला तुम्ही ओळखता. ती नर्सिंग शिकायला अंबाजोगाईला होती तेव्हा आपल्याच घरी राहायची आणि तुम्ही सुट्टीत आलात की तुम्हांला थर्मामीटर लावून लावून हैराण करायची. साड्यांची गाठोडी पलंगावर टाकून बहीण स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि म्हणाली,

"अक्का, तू लग्नात बसून चित्र काढतीस म्हणं."

"एकच काढलं. त्यात नवरी नाही."

"ऐकलंय. लई हसले म्हणं लोक." ती स्वतः हसली नाही. "आमच्या पोरीचं काढशील का?"

"अगं, तुमच्याकडे फोटोवाले आहेत, व्हिडिओ आहे. ड्रोनसुद्धा सांगितलाय म्हणे."

"त्यातलं मी कायबी बघणार न्हाई."

इथे थांबून एक गोष्ट सांगते. आपल्याकडे मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या आईने लग्न बघायचं नसतं. ती मागच्या अंगणात तुळशीपाशी बसते, मांडवाकडे पाठ करून, आणि अक्षता पडेपर्यंत तुळशीला पाण्याची धार धरते. का, ते कुणी सांगत नाही. माझी आई माझ्या लग्नात अशीच बसली होती. आता शहरात बऱ्याच जणी हे पाळत नाहीत. बहिणीच्या घरात पाळतात.

बहिणीची एक मोठी मुलगी होती. तिचं लग्न त्याच अंगणात झालं. तेव्हा बहीण तुळशीपाशी बसली होती, पण शेवटच्या मंगलाष्टकाला तिला राहवलं नाही. तांब्या तसाच ठेवून ती उठली आणि मागच्या दारातून, घराच्या आरपार, पुढच्या मांडवात तिने बघितलं. मुलगी दिसली. ती परत येऊन बसली. तिच्या सासूने ते पाहिलं होतं. तेव्हा सासू काही बोलली नाही.

ती मुलगी पहिल्या दिवाळीला माहेरी यायची होती. ती आलीच नाही. पावसाळ्यात ताप आला, अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. दहाव्याच्या दिवशी सासू एकदाच म्हणाली, "तू उठली होतीस." पुन्हा कधी त्या म्हातारीने तो विषय काढला नाही. आता ती म्हातारीही नाही. पण ते एकदा म्हटलेलं माझ्या बहिणीच्या अंगात जाऊन बसलं होतं.

"मला दुसऱ्यांदा बघायचं न्हाई," ती म्हणाली. "फोटोत न्हाई, मोबाइलात न्हाई. पोरीची पहिली दिवाळी होईस्तोवर तर न्हाईच. पण अक्का, ती कशी दिसत होती ते कुठंतरी असू दे. चित्र बघितलं तर ते बघणं होतं का गं?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. ताप डासाने येतो, उघड्या दाराने येत नाही. मी जन्मभर मुलींना हेच शिकवलं. पण बहिणीला ते माझ्याइतकंच माहीत होतं. धाकट्या मुलीला नर्सिंगला तिनेच पाठवलं होतं, घरच्यांशी भांडून. मी एवढंच म्हणाले, "ते मी नाही ठरवणार. मी काढून ठेवते. तुला वाटेल तेव्हा बघ."

"मग नवरी काढ बरं का त्यात," ती म्हणाली, आणि तेव्हा मात्र आम्ही दोघी हसलो.

हळदीच्या दिवशी सकाळीच आम्ही चकलांब्याला पोचलो. पहिल्या फजितीतून मी एक गोष्ट शिकले होते: सगळंच चित्र ऐन वेळी काढता येत नाही. मांडव, स्टेज, आंब्याचे डहाळे, मागचं लिंबाचं झाड हे सगळं आदल्या दिवशी रंगवून ठेवायचं आणि माणसांसाठी जागा राखायची. घराच्या ओट्यावर मी बसले. तिथून मांडव थोडा खाली पडतो, माणसांच्या डोक्यांवरून स्टेज दिसतं. वर केशरी कापड ताणलेलं होतं आणि त्यातून आलेलं ऊन सगळ्यांच्या चेहऱ्यांवर केशरी होऊन पडत होतं. रंग पॅलेटवर बघता बघता वाळत होते. तुमचे आजोबा ओलं फडकं घेऊन शेजारी बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "मी कंपाउंडर आहे."

दुपारपर्यंत मांडव झाला. मधोमध मी नवरानवरीच्या उंचीच्या दोन जागा पांढऱ्या ठेवल्या होत्या. माझं मला फार बरं वाटत होतं. सगळं कसं आखीव झालं होतं.

बहीण हळद कालवता कालवता बाहेर आली. चित्रासमोर येऊन थांबली. हसत आली होती, ते हसू गेलं.

"अक्का, ही जागा कावून मोकळी सोडलीस?"

"उद्या तिथे नवरी येईल ना. आज नुसती जागा धरलीय."

"नवरीची जागा मोकळी ठेवतेत का?"

ती एवढंच म्हणाली. मी चित्राकडे पुन्हा बघितलं. माझ्या डोळ्यांना इतका वेळ तो कोरा कॅनव्हास होता. आता मला दिसलं की तिच्या अंगणात, तिच्याच मांडवात, डहाळ्यांखाली, नवरीच्या आकाराचं काहीच नाही असं काहीतरी उभं आहे. तिच्या घरात ती जागा आधीच एकदा मोकळी झाली होती.

 रात्रीत अंदाजाने चेहरा काढून ठेवला असता तर दुसऱ्या दिवशी तो खोडावा लागला असता, आणि ते तर आणखी वाईट. बहिणीच्या बोटांना हळद होती. तिचा हात चित्राकडे गेला आणि मध्येच थांबला. मला माझ्या रंगांची काळजी होती, हे तिला कळलं असावं.

"लाव," मी म्हणाले. "तेल घातलंयस का त्यात?"

"न्हाई अजून. नुसतं पाणी."

"मग लाव."

तिने पुढे होऊन नवरीच्या जागी हळद लावली. जशी मुलीला लावतात तशी, आधी कपाळाच्या ठिकाणी, मग गाल, मग खांदे, हात, पार पायांपर्यंत. कडेने ती थोडी बाहेर पसरली. मग नवरदेवाच्या जागीही लावली. "हळद हाय, नवऱ्याला बी लागती," असं स्वतःशीच म्हणाली आणि आत गेली. खऱ्या मुलीला हळद त्यानंतर लागली.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त दुपारचा होता. तो गेला. पुढारी यायचे होते. माइकवाला एकेका पाहुण्याचं स्वागत करत होता: आजी सरपंच, माजी सरपंच, कारखान्याचे संचालक. प्रत्येकाला फेटा, प्रत्येकाला शाल, आणि प्रत्येकाचे दोन शब्द. ऊसतोडीहून नुकती परतलेली माणसं मांडवाच्या कडेला पोरांना मांडीवर घेऊन बसली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, नवरीला म्हातारी करून लावता का लगीन?" हशा पिकला. माइकवाल्याने शांततेची विनंती केली. बहीण या सगळ्या वेळात मागच्या अंगणात जाऊन बसली होती. मी एकदा डोकावले. मंगलाष्टकं सुरू व्हायची होती, तरी तिने पाठ आधीच फिरवली होती.

शेवटी पुढारी आले, बोलले, आणि अंतरपाट धरला गेला. आणि मला ज्याची भीती होती तेच झालं. सगळे कॅमेरे स्टेजवर चढले. मला पाठी दिसायला लागल्या.

मी कुंचला घेऊन उभी राहिले. काही दिसेना. एक मंगलाष्टक झालं, दुसरं झालं. अक्षता पडत होत्या. पिवळी जागा माझ्यासमोर तशीच होती. आता मी जे काढणार ते मनाने काढणार, आणि बहिणीला मनाने काढलेली मुलगी मला द्यायची नव्हती. तसं तर तिच्या मनातही एक होतीच.

नवरीच्या मागे तिचा मामा उभा असतो. तो म्हणजे आमचा धाकटा भाऊ. त्याला सगळं माहीत होतं. त्याने स्टेजवरून ओट्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली, दिसत नाही म्हणून. भटजी श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात त्याचा आवाज माइकमधून सगळ्या मांडवात घुमला.

"ए, खाली बसा बे! समद्यांनी! तू बी, ड्रोनवाल्या! आमच्या अक्काला दिसू द्या!"

फोटोवाला म्हणाला, "मामा, अँगल जातो ना."

"अँगल गेला खड्ड्यात. बस."

ते बसले. पुढाऱ्यांनाही काय वाटलं कोण जाणे, ते दोन पावलं मागे सरकले. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. अंतरपाट खाली आला, वाजंत्री सुरू झाली, आणि मला तुमची आत्या पहिल्यांदा नीट दिसली.

ती नवऱ्याकडे बघत नव्हती. तिची मान डावीकडे वळली होती, घराकडे, माझ्याजवळून पलीकडे. हार हातात तसाच होता. हे फार थोडा वेळ टिकलं. लगेच कुणीतरी "हार घाल" म्हणालं आणि ती पुढे वळली. फोटोवाले उठले आणि त्यांनी हार घालतानाचे फोटो काढले. ती काय बघत होती ते बघायला मी मागे वळले. ओट्यावरून घराचं पुढचं दार, त्यातून माजघर, आणि सरळ रेषेत मागचं दार. त्या दारात उन्हाचा चौकोन होता, आणि त्या चौकोनात माझ्या बहिणीची पाठ. हातातली धार अजून चालू होती. अक्षता पडल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी बसले आणि काढायला लागले. पंगती उठल्या तरी काढत होते. हळदीवर चेहरा काढताना एक वेगळंच लक्षात आलं. पांढऱ्यावर मला नेहमी कातडीचा रंग मेलेला वाटायचा. इथे पातळ रंगातून खालचा पिवळा वर येत होता आणि चेहऱ्यात जीव होता.

जेवून पान खात माणसं मागे उभी राहिली. यात व्याही आणि विहीणबाई होत्या. नारायणगडाच्या बाजूचं मोठं घर, बोलायला मोकळं.

"अवो बाई, लई झ्याक काढलंय," विहीणबाई म्हणाल्या. "पण ही कुठं बघतीय? नवऱ्याकडं बघताना काढा की. लोक म्हणतील, पोरगी आमच्या पोराकडं बघंना."

व्याही म्हणाले, "मान जरा फिरवा इकडं. रंगच तर हाय. अजून ओलाच आसंल."

रंग वाळला होता, पण त्यावर पुन्हा काढता येतं. मान फिरवणं अवघड नव्हतं. पहिल्याच दिवशी मुलीच्या सासरच्यांना दुखवायचं का, हा विचार माझ्या मनात आला आणि मी कुंचला पाण्यात बुडवला. ती कुठे बघत होती हे मला सांगता येत नव्हतं. मोठ्या मुलीची गोष्ट त्या लोकांसमोर, त्या दिवशी कुणीही काढणार नव्हतं.

तेवढ्यात नवरानवरी मोठ्यांच्या पाया पडत ओट्यावर आली. आत्याने चित्र बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, मान फिरवू नको."

आईबापांचं बोलणं नवरदेवाच्या कानावर गेलं होतं. तो हसून म्हणाला, "माझ्याकडं बघायला जन्म पडलाय की तिला. राहू द्या, मावशी."

विहीणबाई म्हणाल्या, "बघा, आत्ताच बायकोचा झाला." पण राहू दिलं.

पाठवणीला बहीण बाहेर आली. मुलीला पोटाशी धरलं, रडली, पण चित्र ठेवलं होतं त्या बाजूला तिने मान वळवली नाही. गाडी गेल्यावर तिने मला एक जुनं लुगडं आणून दिलं. त्यात मी चित्र गुंडाळलं. ते माजघरात, धान्याच्या पोत्यांमागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

पावसाळा आला. श्रावणात एका दुपारी बहिणीचा फोन आला.  ती म्हणाली,

"अक्का, ताप आलाय तिला."

"कधीपासून?"

"काल. आज जास्ती हाय. अक्का, मी बघितलं न्हाई गं. खरंच न्हाई बघितलं. लुगडं सुद्धा सोडलं न्हाई."

मी बहिणीला सांगितलं की पोरगी स्वतः नर्स आहे, तिला कळतं, ती अंगावर काढणार नाही. आणि तसंच झालं; तिने रक्त तपासलं होतं, ती दवाखान्यात दाखल झाली होती, सलाइन लागलं होतं. तुमचे आजोबा आणि मी मुलीकडे निघालो. बहीण आमच्याबरोबर आली नाही. ती नारायणगडावर मठात गेली आणि तिथेच बसून राहिली. मुलीपाशी जायला तिला भीती वाटत होती, हे ती मला नंतर म्हणाली. ताप हटत नव्हता तोवर मी रोज तिला फोन करून तापाचा आकडा सांगायचे आणि ती फक्त "बरं" म्हणायची. मग एका सकाळी मी ताप उतरल्याचं सांगितलं. तिकडून बरं सुद्धा आलं नाही. नुसता मागे चाललेला टाळांचा आवाज येत राहिला.

त्या दिवाळीला मुलगी आणि जावई दिवाळसणाला आले. आम्हीही गेलो. पाडव्याला, ओवाळणं झाल्यावर, दिवस चांगला वर आला होता, तेव्हा बहीण हात पुसत माजघरात आली आणि मला म्हणाली, "आण."

मी पोत्यांमागून चित्र काढलं, लुगडं सोडलं आणि चित्र खुर्चीवर टेकवून ठेवलं. बहीण समोर उभी राहिली.  जावई उठून बाहेर जायला लागला, तर तुमच्या आजोबांनी त्याला हाताने थांबवलं.

"ही कुठं बघतीय?" बहिणीने विचारलं.

"तुझ्याकडं," मुलगी म्हणाली. "तू पाणी घालत होतीस."

"मी तर पाठ करून बसले होते."

"पाठच बघितली मग. घरातून आरपार दिसत होतीस."

बहीण जवळ गेली. हात लावला नाही. तिने आधी चेहरा बघितला, मग मुंडावळ्या, मग खाली उतरत पाय. म्हणाली, "पदर सरकलाय डाव्या खांद्यावरून. कुणाला दिसलं न्हाई का? मी असते तर नीट केला असता."

तो खरंच सरकला होता. दिसला तसा काढला होता.

त्यानंतर मला बोलावणी यायला लागली. गेवराई, बीड, परळी, माजलगाव. बागायतदारांची लग्नं झाली आणि कोयता खाली ठेवून आठ दिवस गावी आलेल्यांचीही झाली. माझी काम करायची रीत त्या एका लग्नात ठरली ती ठरली. मी आदल्या दिवशी जाते. माणसांच्या जागा कधी पांढऱ्या ठेवत नाही, त्यांवर पिवळ्या रंगाचा हात फिरवून ठेवते. हळद मात्र पुन्हा वापरली नाही, ती उन्हाने उडते. आणि बसायची जागा ठरवण्याआधी मी घरच्यांना विचारते, नवरीची आई कुठे बसणार आहे. मुली अंतरपाट खाली आला की कुठेही बघतात. कुणी नवऱ्याकडे, कुणी पायांकडे, एक तर सरळ जेवणाच्या मांडवाकडे बघत होती. मी जे असेल ते काढते.

मागच्या महिन्यात मी बहिणीकडे गेले होते. चित्र पुढच्या खोलीत, दाराच्या समोरच्या भिंतीवर आहे. आत्याची मुलगी आता चालायला लागली आहे आणि तिने त्याला काहीतरी फेकून मारलं आहे. पदराच्या काठाशी रंगाचा एक टवका उडाला. तो भरायला म्हणून मी रंग घेऊन गेले होते. कुंचला धरला, पण हात थरथरत होता. बहीण शेजारी उभी होती. ती म्हणाली, "राहू दे अक्का."

मी जवळ जाऊन बघितलं. कडेने पसरलेली हळद उडून गेली आहे. टवक्याच्या जागी, रंगाच्या खाली होती ती हळद अजून आहे.